म्हाताऱ्या प्रिंटरचं माप

घरातल्या प्रिंटरला सगळे म्हातारा म्हणायचे आणि तो नावाला जागायचा. पान मागितलं की आधी खाकरायचा, मग पोटात काहीतरी गरगर फिरवायचा, मग एकदम गप्प. नुसता नारिंगी दिवा लुकलुकत राहायचा. तेवढ्यात चहा उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून पालथे घातले तरी पानाचा पत्ता नसायचा. आणि मग कुणाचं लक्ष नसताना एक गरम पान बाहेर सरकायचं, जसं काही डोंगर फोडून आलंय.

तो मावशीच्या ऑफिसातला. तिथं नवीन मशीन आलं आणि हा भंगारात निघाला. मावशीला फुकटची वस्तू टाकवत नाही. दोन शिपायांना कामाला लावून तिनं तो धाकट्या बहिणीच्या, म्हणजे टाचणीच्या आईच्या, खोलीत आणून ठेवला आणि पदरानं घाम पुसत म्हणाली, "वजन भरपूर, अक्कल शून्य. अगदी तुझ्या काकांसारखा."

हे ती टाचणीला म्हणाली. टाचणी म्हणजे तिची भाची. शाळेच्या हजेरीत तिचं दुसरं नाव होतं, पण शाळा सुटली तसं ते नावही तिथंच राहिलं. दहावीच्या वर्षी गणिताच्या बाईंनी सगळ्या वर्गादेखत तिची वही फेकली, तिनं ती उचलून बाईंच्या टेबलावर परत फेकली, आणि दप्तर घेऊन जी निघाली ती निघालीच. अंगानं काडी, जिभेला टोक, आणि कुठं काय वाकडं आहे ते लांबूनच दिसायचं. टाचणी हे नाव मावशीनंच ठेवलं. शिवणकाम करणाऱ्या घरात ते बसलंही बरोबर.

आई शिवायची. बाप होता तेव्हाही घर सुईवरच चालायचं, तो गेल्यावरही सुईवरच चाललं. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत बेतायचं मोठं टेबल, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला आरसा, आणि कपाटात खाकी कागदाचे फर्मे. फर्मे म्हणजे कापायचे नमुने. पाठीचा एक, पुढच्या भागाचा एक, बाहीचा एक, कॉलरचा एक, असे लहान-मोठ्या सगळ्या मापांचे. गिऱ्हाईक आलं की आई त्याच्या जवळच्या मापाचा फर्मा काढायची, कापडावर ठेवायची आणि खडूनं इथं बोटभर सोड, तिथं अर्धा इंच दाब, असं करत बेतायची. लहानपणी टाचणीला डावं-उजवं कळायचं नाही तेव्हा ह्याच टेबलाशी उभं करून आईनं शिकवलं होतं, कात्री धरतो तो उजवा, कापड धरतो तो डावा.

ते कागद आता पार गेले होते. घड्यांवर फाटलेले, कडांना कसरीनं खाल्लेले. "हे तुझ्या त्या लॅपटॉपात घालता येतील का गं?" आईनं एकदा विचारलं. "माझ्यानंतर तुला लागतील."

"तू कुठं चाललीयेस?"

"कुठं नाही. विचारलं आपलं."

टाचणीनं सगळे फर्मे जमिनीवर पसरून फोटो काढले. तिच्याकडे एक जुना लॅपटॉप होता. त्यातली मूळची सिस्टीम धापा टाकत मेली होती, म्हणून तिनं त्यात लिनक्स घातलं होतं. फुकट असतं, जुन्या मशीनवर चालतं, आणि बिघडलं तर दुसरं कुणी ओरडत नाही, आपणच आपल्यावर ओरडायचं. त्यात तिनं फर्म्यांच्या रेघा पुन्हा काढल्या, साध्या कागदाच्या पानांवर बसतील असे तुकडे पाडले, तुकडे कुठं कसे जोडायचे त्याच्या खुणा केल्या. आणि प्रत्येक फर्म्याच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला, चार इंचांचा. छापल्यावर टेप लावायचा, चौकोन चार इंच भरला की अख्खा फर्मा बरोबर.

"हुशार आहेस," आई म्हणाली. "शाळेत का नाही चाललं तुझं?"

"शाळेत टेप लावू देत नव्हते."

तर फर्मे तयार होते, पण छापायचे म्हाताऱ्यानं. एका कोटाची डझनावारी पानं, आणि हा एकेक पान असं द्यायचा जसं काही पोटचं पोर देतोय. दोघी त्याच्यासमोर बसून राहायच्या. टाचणीचा पाय हलत राहायचा, आई मांडीवर टेप गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

अशाच एका दुपारी आईनं मान वर केली आणि विचारलं, "काय करत होतो गं आपण?"

टाचणीला वाटलं, आई टोमणा मारतेय. "म्हाताऱ्याच्या बाळंतपणाला आलोय," ती म्हणाली. आई हसली. दिवा लुकलुकत राहिला. थोड्या वेळानं आईनं पुन्हा तेच विचारलं. तसंच, त्याच आवाजात.

ह्या खेपेला टाचणीनं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं टोमणा नव्हता. आई प्रिंटरकडे अशी बघत होती जशी पाहुण्यांच्या घरात उठल्यावर माणूस छताकडे बघतं.

"कोटाचा फर्मा छापतोय," टाचणी हळूच म्हणाली. "मावशीच्या."

"हो. मावशीच्या," आई म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली.

त्यानंतर टाचणीनं नीट लक्ष ठेवलं. हात चालू असला की आई ठीक असायची. मशीनवर, कात्रीवर, पोळपाटावर काही चुकायचं नाही. पण मध्ये रिकामा वेळ आला, कुणाची वाट बघत बसावं लागलं, की तेवढ्यात काहीतरी निसटायचं. आणि सगळ्यात जास्त वाट बघायला लावायचा तो म्हातारा. टाचणीचं डोकं सटकलं. आईच्या डोक्याचं काही करता येत नव्हतं, म्हणून तिनं प्रिंटर धरला.

इंटरनेटवर लोकांनी सल्ल्यांचा पाऊस पाडला होता. एक म्हणे केबल बदला. दुसरा म्हणे आता त्याला टाका आणि नवीन घ्या. त्याला टाचणीनं जे उत्तर दिलं ते तिथल्या लोकांनी काढून टाकलं. मग तिनं स्वतःच बघायला सुरुवात केली. पान लॅपटॉपातून तर झटकन निघत होतं, रांगेत काही अडकत नव्हतं. म्हणजे दुखणं लॅपटॉपात नव्हतं, म्हाताऱ्याच्या पोटात होतं. दिवा लुकलुकायचा तेव्हा तो चावत बसलेला असायचा. पण एवढं काय चावतोय?

तिला ते सापडलं तेव्हा ती एकटीच हसली. लिनक्सनं आपणहून जो ड्रायव्हर निवडला होता, म्हणजे लॅपटॉपचं बोलणं प्रिंटरला समजावून सांगणारा जो मध्यस्थ, तो भलताच पाल्हाळीक होता. इथून तिथं रेघ ओढ, एवढंच सांगायचं सोडून तो म्हाताऱ्याला पानावरच्या एकेका ठिपक्याचं पुराण ऐकवत होता. तेही सगळ्यात बारीक ठिपक्यांचं, करड्या रंगाच्या सगळ्या छटांसकट. आणि म्हाताऱ्याची आठवण ती केवढी. एवढं सगळं एका वेळी त्याच्या डोक्यात मावायचंच नाही.

"त्याला समजत नाही असं नाही," तिनं आईला सांगितलं. "त्याच्याशी कुणी सोपं बोलतच नाहीये."

"मग तू बोल," आई काजं करता करता म्हणाली.

टाचणीनं जुनी नोंद पुसली आणि प्रिंटर नव्यानं जोडला, दुसऱ्या ड्रायव्हरवर, म्हाताऱ्याच्या तरुणपणच्या साध्या बोलीत बोलणाऱ्या. ठिपके जाड केले, रेघांना तेवढे पुष्कळ. छटा काढल्या, नुसतं काळं आणि पांढरं. आणि पान मागितलं.

म्हातारा खाकरला आणि पान आलं. त्याच्या पाठीवर दुसरं, तिसरं. फडफड फडफड करत पानं ट्रेमधून ओसंडून जमिनीवर पडायला लागली. आई काजं टाकून उठली आणि दोन्ही हातांनी पानं झेलायला लागली. इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "अगं थांबव त्याला, वेडा झाला तो," असं म्हणत ती हसत होती, आणि टाचणी खोलीभर नाचत होती.

जिच्या नजरेतून आरशावरचा ओरखडा सुटत नव्हता, तिनं त्या दिवशी एक गोष्ट सोडली. प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला एक कोरी पट्टी राहत होती. पूर्वी राहत नव्हती. तिनं ती बघितलीसुद्धा. बरं झालं, तिला वाटलं, चिकटवायला जागा झाली.

मावशीचा कोट निवृत्तीच्या समारंभासाठी होता. इतकी वर्षं त्या ऑफिसात दुसऱ्यांच्या समारंभांना टाळ्या वाजवल्या, आता मला वाजवतील तेव्हा मी बरी दिसायला पाहिजे, असं तिचं म्हणणं. गडद निळं कापड तिनंच आणलं होतं. आईनं नव्या कागदी फर्म्यावर बेतलं, कच्चा टाका घातला, आणि मावशीला आरशासमोर उभं केलं.

कोट पाठीवर ताणला. पुढच्या दोन्ही कडा एकमेकींकडे बघत लांब उभ्या राहिल्या.

"धाकटे," मावशी श्वास रोखून म्हणाली, "मी तुला कोट सांगितला होता. हा आवळपट्टा आहे."

"खाल्लंस का काय मधल्या काळात?" टाचणी म्हणाली.

"खाल्लं असेल. पण बाह्यांनी तर नाही ना खाल्लं?" आणि तिनं हात पुढं केले. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या होत्या.

मावशी हसत होती, टाचणी हसत होती. आईनं कोट उतरवून घेतला, पुन्हा माप घेतलं, पुन्हा घेतलं. शिवणीत जादा कापडाची माया ठेवली होती तेवढी सगळी उसवून सोडली. तरी पुरेना. समारंभाला मावशी कोट न घालता हातावर टाकून गेली आणि सगळ्यांना सांगत सुटली की आजकाल असाच घेतात.

मग दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. त्या आईकडेच शिवून घ्यायच्या, नेहमीच्या, ठरलेल्या मापाच्या. ह्या वेळी पांढरे तीन अंगरखे टाकले होते. एक घालून बघितला, मग दुसरा. तिसऱ्याची घडी त्यांनी मोडलीच नाही.

"काखेत रुततायत हो," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "असं कधी होत नाही तुमच्याकडून. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," आई म्हणाली. "ठेवून जा. बघते मी."

पण तिनं बघितलं नाही. संध्याकाळी मावशी आली तेव्हा आई खिडकीशी बसली होती आणि अंगरखे टेबलावर तसेच होते. मावशीनं टाचणीला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. मावशीचा हळू आवाज म्हणजे दोन घरं सोडून ऐकू जाणारा.

"आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. "तुझ्या आजीचं. आधी चिंचोके मोजताना चुकायची, आम्ही हसायचो. मग माणसं चुकायला लागली. साठीसुद्धा झाली नव्हती तिची. धाकटीचंही तेच वय आलंय."

"तू गप्प बस," टाचणी म्हणाली.

"मला काय हौस आहे बोलायची?"

"नाहीये ना? मग बस गप्प."

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला. त्या दोघी बाहेर आल्या तर आई स्टुलावर उभी होती आणि मोठी कात्री फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वर, पार मागं, भिंतीला टेकवून ठेवत होती.

त्यानंतर खोलीचं दार अर्धंच उघडायचं. कुणी कापड घेऊन आलं की आई सांगायची, हात दुखतोय, सध्या घेत नाही. मशीनवर चादर टाकली होती. आई भाजी निवडायची, निवडून झाली की निवडलेली पुन्हा निवडायची. हात चालू होते, पण त्यांना कळलं होतं की हे काही खरं काम नाही. टाचणीला ते बघवायचं नाही. ती उगाच भांडण काढायची, आणि आई भांडायचीसुद्धा नाही.

शेवटी सिस्टरांचे अंगरखे आपणच पुन्हा शिवून टाकू, असं टाचणीनं ठरवलं. बिघडले तर बिघडले. बाहीपासून सुरुवात करावी म्हणून तिनं छापलेला फर्मा टेबलावर मांडला. त्याच्या मुंढ्यावर, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तिथं, शाई पुसट झाली होती. रेघ नीट दिसावी म्हणून तिनं कपाटातून आईचा जुना, कसरीनं खाल्लेला खाकी कागद काढला आणि छापलेल्यावर ठेवला.

खालचा कागद दिसेनासा झाला.

तिनं खाकी कागद उलटा केला, सरळ केला, सरकवला. सगळीकडून तो मोठाच. मुंढ्याला बोटभर, लांबीला त्याहून जास्त. तिनं टेप घेतला आणि कोपऱ्यातल्या चौकोनाला लावला. चार इंच भरायला पाहिजेत तिथं पाव इंच कमी.

तिनं लॅपटॉप उघडला, प्रिंटरच्या सेटिंगची पानं एकामागून एक उलगडत गेली, आणि तिथं ते सापडलं. तिनं प्रिंटर नव्यानं जोडला तेव्हा नव्या ड्रायव्हरनं कागदाचं माप आपणहून दुसरंच धरलं होतं. कुठल्यातरी लांबच्या देशात चालतो तो कागद, आपल्याकडच्यापेक्षा बुटका. आणि त्याच्याखाली एक बरोबरची खूण, पान कागदात बसवून घे. म्हाताऱ्यानं सांगितल्याप्रमाणे केलं होतं. लांब पान बुटक्या कागदात बसवायला सगळंच थोडंथोडं आवळलं होतं. पाठ, बाही, कॉलर, चौकोन. आणि खाली एक कोरी पट्टी राहिली होती.

"आई," ती ओरडली. मग स्वतःच धावत आत गेली आणि आईच्या हातातली भाजी काढून घेतली. "चल. उठ. हे बघ."

तिनं सगळं दाखवलं. खाकी कागद, छापलेला कागद, चौकोन, लॅपटॉप. "तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मी कागदाचं माप बघितलं नाही. मावशीचा कोट, अंगरखे, सगळं माझ्यामुळं. तू बरोबरच बेतलंस, फर्माच लहान होता."

आईनं टेप घेतला आणि चौकोनाला लावला. वाकून बघितलं.

"पाव इंच," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हाही पाव इंचच होतं."

टाचणीला समजलं नाही. "तेव्हा म्हणजे?"

"मावशीचा कोट बेतला तेव्हा. मी टेप लावला होता ना. तूच सांगितलं होतंस लाव म्हणून." आई चौकोनावरून बोट फिरवत होती. "कमी भरला. पुन्हा लावला, पुन्हा कमी. मग म्हटलं, मशीन कशाला चुकेल. आपलंच काहीतरी होतंय आजकाल."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? की मला आता टेपसुद्धा वाचता येत नाही?"

टाचणी खाली बसली. तिला कुणावर तरी खूप चिडायचं होतं आणि खोलीत चिडण्यासारखं कुणी नव्हतं. म्हातारा कोपऱ्यात होता, पण त्याच्यावर तरी काय चिडणार?

आईनं दोन्ही कागद पुन्हा एकावर एक ठेवले. खिडकीच्या उजेडात धरले. आणि हळूहळू तिच्या तोंडावर काहीतरी सैल झालं. "म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," ती म्हणाली. "पाव इंच. बरोबर वाचलं होतं मी."

"तू आणि चुकणार?"

"तू मात्र धन्य आहेस," आई म्हणाली आणि तिच्या पाठीत धपाटा घातला, चांगला जोरात, पूर्वीसारखा. "काढ कात्री."

टाचणी स्टुलावर चढली. इतका जड लोखंडाचा तुकडा तिला त्या दिवशी हलका लागला.

मावशीला फोन केला तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी जाड झाले नाही."

"तीही शक्यता आहे," टाचणी म्हणाली.

"गाढवे. आईला दे फोन." आणि फोनवर दोघी बहिणी कितीतरी वेळ हसत होत्या. मध्ये मावशीचं हसणं जरा रडण्यासारखं झालं, ते इकडं टाचणीपर्यंत ऐकू आलं.

फर्मे पुन्हा छापले, बरोबर कागदावर, काही न आवळता. चौकोन चार इंच भरला. आईनं तो स्वतः मोजला आणि टाचणीलाही मोजायला लावला. मग मशीनवरची चादर काढली, तेल घातलं, खिडकी पूर्ण उघडली. मावशी नवं कापड देऊन गेली, निळंच. निवृत्त तर झाले, ती म्हणाली, आता बाजारात जाताना घालीन, भाजीवाला टाळ्या वाजवेल.

आईनं कोट बेतायला घेतला. खडूचा हात भराभर चालत होता. टाचणी थोडा वेळ दारात उभी राहून बघत राहिली. आई गुणगुणत होती, कितीतरी दिवसांनी. मग आईनं तिला अस्तर आणायला पिटाळलं आणि ती गेली. दुकानदाराशी रंगावरून भांडली, जिंकली, आणि अस्तर घेऊन शीळ घालत परत आली.

मशीन बंद होतं. कोट टेबलावर पसरलेला होता आणि आई त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती.

पाठ सुंदर बसली होती. कॉलर अशी की हात फिरवावासा वाटावा. एक बाही लावून झाली होती. दुसरी मुंढ्याला टाचून अर्ध्यात सोडलेली. ती बाही कोपरापाशी उलट्या दिशेला वळत होती, जणू पाठीमागं काहीतरी शोधतेय. टाचणीला एका नजरेत दिसलं. दोन्ही बाह्या डाव्याच होत्या.

बाहीचा फर्मा एकच असतो. तो कापडावर एकदा सुलट ठेवायचा, एकदा उलट. पहिल्यांदा कात्री धरणाऱ्या पोरीला सगळ्यात आधी हेच सांगतात. टाचणीला आईनं हे सांगितलं होतं तेव्हा ती टेबलाएवढीसुद्धा नव्हती.

"बसत नाहीये," आई म्हणाली. "मघापासून लावतेय. कागद नीट होता ना गं?"

टाचणीनं अस्तर खाली ठेवलं. जमिनीवर निळ्या कापडाचे तुकडे होते आणि कापड आता संपलं होतं. टेबलाच्या कोपऱ्यात बाहीचा कागद पडला होता, चार इंचांचा चौकोन वर करून. आईनं त्याच्यावर टेप लावून ठेवला होता. बरोबर भरत होता.

"नाही," टाचणी म्हणाली. "नव्हता नीट. माझंच चुकलं. म्हाताऱ्यानं परत घोळ घातला."

आईनं तिच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. कुठलाही कपडा एका नजरेत वाचणारी बाई ती. आपल्या पोरीचा चेहरा तिला वाचता येणार नाही असं कसं होईल?

"हो का," शेवटी ती म्हणाली. "असेल. जुना आहे बिचारा."

"दोन्ही बाह्या वेगवेगळ्या छापायला पाहिजे होत्या. मी एकच छापली."

"हं."

"आता देते. लगेच देते."

टाचणीनं लॅपटॉप ओढला. बाहीची रेघ उचलली, आरशात दिसते तशी उलटी करून शेजारी ठेवली. एकीवर मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, डावी. दुसरीवर लिहिलं, उजवी. अक्षरं तिला नीट दिसेनात, म्हणून तिनं बाहीनं डोळे पुसले आणि पान मागितलं.

म्हातारा नुसता खाकरला आणि पानं फडफडत आली. पहिल्यांदाच तिला वाटलं, आज जरा वेळ लावला असता तर चाललं असतं.

आईनं पानं उचलून टेबलावर जुळवली. वरचं अक्षर मोठ्यानं वाचलं, "उजवी." मग टेबलावर आपले दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. एकाकडं, मग दुसऱ्याकडं.

टाचणी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"कात्री धरतो तो," ती म्हणाली.

आईनं एका हाताची बोटं उघडली आणि मिटली, रिकाम्या हवेत कापड कापल्यासारखी. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"हा," ती म्हणाली.

"हो," टाचणी म्हणाली. "तोच."